कारभारींच्या दंडावरचा पंजा

दुपारच्या झोपेतून उठून कारभारींनी सदरा काढला आणि ते जागच्या जागी गार पडले. उजव्या दंडावर ओळीनं चार निळेजांभळे डाग होते आणि मागच्या बाजूला एक. पाच बोटं! कुणीतरी गच्च धरून ठेवल्यासारखी.

"बाने, मला कुनी धरलं व्हतं का गं?"

"तुमाला कोन धरतंय? तुमी काय चोर हाव का?" बानाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

मुकुंदवाडीतलं ते दोन खोल्यांचं घर. दाराला आतून कडी, खिडकीला जाळी. मांजरसुद्धा आत यायचं नाही, तर पंजा कुठून आला? त्यात दोन महिन्यांपूर्वी कारभारींच्या हृदयात धातूची झडप बसवली होती, तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गोळी चालू होती आणि ती झडप वाजायची. खरंच वाजायची! सगळं शांत झालं, की छातीतून टिक्, टिक्, टिक्. त्या दुपारी ती टिकटिक त्यांना कुणाच्या तरी पावलांसारखी ऐकू आली. जवळ जवळ येणाऱ्या.

दुसऱ्या दुपारी नवा पंजा उठला, दोन बोटं खाली. मग मात्र कारभारींना पटलं. हा हात त्यांच्या आईचा, मनकर्णाबाईचा होता. पाचोडकडं मेंढरं राखायचे दिवस होते तेव्हा पोरगं खोटं बोललं, की आई ह्याच दंडाला धरायची आणि म्हणायची, "खरं बोल, तवा सोडीन!" आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण आईच ती, तिला वर्षांचं काय!

कारभारी तिच्या फोटोपुढं हात जोडून उभे राहिले. "आये, ते कोकरू लांडग्यानं नाय नेलं. मीच माझ्या दोस्ताला, फकिराला दिलं. त्याच्या सायकलीवर एक चक्कर मारायला."

आत भाकरीची थपथप थांबली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पंजा. पुन्हा फोटो. "आये, बानीचं माहेरचं हिरवं लुगडं उंदरानं नाय कुरतडलं. माझ्या बिडीनं जळलं."

"काय?" बानाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आली. "बावीस वर्सं मी त्या उंदराला शिव्या देतेय!"

पण आईचं समाधान होईना. चौथ्या सकाळी दात घासताना फेस लालभडक निघाला. दुपारी फोटो हातात घेऊन वाकले असताना नाकातून एक थेंब टपकला, नेमका फोटोच्या काचेवर. मनकर्णाबाईच्या कपाळावर, कुंकवाच्या जागी. कारभारींनी "आये गं!" म्हणून बोंब ठोकली.

आरडाओरडा ऐकून शेजारची जैतुनबी धावत आली. "कारभारीभाऊ, पयले दवाखान्यात फोन लगाव! अम्माकू बाद में पूछो."

फोन लागला. नाक दाबूनच कारभारींनी सगळं सांगितलं. पलीकडची सिस्टर म्हणाली, "काका, हे वॉरफरिनमुळं होतं." तेवढ्यात घरामागच्या स्टेशनात गाडी शिरली आणि "गोळी अजिबात बंद करू नका, उद्या सकाळी रक्त तपासायला या" हे पुढचं सगळं वाक्य भोंग्यानं गिळलं.

कारभारींनी फोन ठेवला. चेहरा पांढराफटक. "ऐकलं का? दवाखान्यातली बाई सुदिक म्हनती, वारं फिरल्यामुळं होतं!"

आता हे वारं म्हणजे पंख्याचं नव्हे, बरं का! बाहेरचं वारं. अंगावरून फिरून जातं आणि माणसाला माणसात ठेवत नाही, ते.

"वाऱ्यावर गोळी काय करनार? गोळी बंद! बाजाराच्या दिवशी देवऋष्याकडं जातो. अन् उद्या आयेला एक मोठी गोष्ट सांगतो. लई मोठी. मंग सोडीन ती मला."

"भाऊ, गोली नक्को छोडो," जैतुनबी कळवळली. पण कारभारींनी गोळ्यांची डबी फोटोमागं सरकवली सुद्धा.

संध्याकाळचे सहा वाजले. गोळीची वेळ. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बानाबाईला बजावलं होतं, की गोळीनं रक्त पातळ राहतं, ती सुटली तर झडपेवर रक्ताची गाठ धरेल आणि झडप अडकून बसेल. टिक्, टिक्, टिक्. बानाबाई डबीकडं बघत होती. तिला ती मोठी गोष्ट ऐकायची फार फार इच्छा होती.

शेवटी ती उठली, डबी घेऊन नवऱ्याच्या उजवीकडं बसली आणि तिनं त्यांचा दंड धरला. चार बोटं पुढं, अंगठा मागं. निळ्या डागांवर तंतोतंत बसली.

कारभारींच्या अंगावर सर्रकन काटा आला. "बाने... तुझ्यात आय आली?"

"कोन नाय आलं. पैल्यापासून मीच व्हते." तिची मान खाली. "तुमी दुपारचे झोपता. कुकर वाजला, की तुमची टिकटिक ऐकू येत नाय. माझा जीव जातो. मंग दंड धरून बघते, हायेत का गेले. मला काय ठावं, गोळीनं रक्त पातळ झालंय अन् धरलं तिथं निळं पडतंय?"

"कधी कळलं तुला?"

"कोकराच्या दिवशी."

"मंग बोलली का नाय?"

"तीस वर्सांत तुमी कधी एवढं बोललाव का माझ्याशी?"

कारभारींनी मुकाट्यानं गोळी गिळली.

दुसऱ्या दिवशी बानाबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथं कळलं, की रक्त जरा जास्तच पातळ झालंय. डॉक्टरांनी गोळी कमी करून दिली. सिस्टरनं पाकिटावरचं नाव बोट ठेवून वाचून दाखवलं, "वॉर-फ-रिन! वारं नाही, काका!" तिघंही खळखळून हसले. रक्तदाब बघायला सिस्टरनं डावी बाही वर सारली.

डाव्या दंडावर पंजा होता. ताजा. बोटं बारीक, म्हातारीची असावीत तशी.

"काकू, इकडंही धरलंत?"

"न्हाय वो," बानाबाई हळूच म्हणाली. "मी उजवीकडं बसते. डावीकडं भिंत हाय."

"भिंतीला टेकलं असेल. तेवढ्यानंही उठतं," सिस्टर म्हणाली. पण तिचा आवाज जरा बारीकच झाला होता. टिक्, टिक्, टिक्, तिघांनाही ऐकू येत होतं.

"सांगतो, सांगतो!" कारभारी एकदम ओरडले. "बाने, आय जाताना म्हनली व्हती, सुनेला सांग, तुझ्या हातच्या भाकरीची सर माझ्या भाकरीला कधी आली नाय. तू शेफारशील म्हनून मी अकरा वर्सं सांगितलं नाय!"

बानाबाई पदरानं डोळे पुसत राहिली, बराच वेळ. मग नाक ओढून सिस्टरकडं वळली.

"ताई, जरा ह्यांची पाठ बी बघता का?"