छत्तीसगडचा कायम रहिवासी

कागदपत्राच्या कामात आख्ख्या रुआबांधा वस्तीत मले तोड नाही! चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये काढली. सुट्टीचा अर्ज असो की पेन्शनचा, या हिरालालनं भरलेला फॉर्म कधी वापस आला नाही!

म्हणून शुभमचा फोन आला तेव्हा मी छाती फुगवूनच बसलो. शुभम आमचा एकुलता एक पोरगा. सात वर्षांपासून मनिलात नोकरी करते. म्हणे, "बाबा, फिलिपाइन्सवाले एका देशाच्या पन्नासच लोकांना दरसाल कायमचं राहू देते. पूरे इंडिया से पचास! मले पर्मनंट रेसिडेंट व्हायचं आहे, त्याच्यासाठी माझा जन्माचा..."

"तू मले शिकवू नको!" म्हणून मी फोन ठेवून देल्ला.

बायको सिंधू पोळ्या टाकून बाहेर आली. "काय म्हणते पोट्टा?"

"कायमचं राहायचा कागद मांगते."

"कायमचं? इथं?"

"तिथं."

ती परत आत गेली. त्या दिवशी पोळ्या करपल्या. मी तशाच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरी गाठली. खिडकीवर दणक्यात सांगितलं, "लडके का पर्मनंट रेसिडेंट का कागज!" बाबू भला माणूस. त्यानं शुभमचा शाळेचा दाखला मागितला, आधार मागितलं, नवव्या दिवशी कागद हातात! शिक्का असा ठसठशीत की वाचायची गरजच काय? टाकला पाकिटात, केला कुरियर!

येता येता शेजारच्या विजयकुमारले सांगितलं, "पोट्टा पन्नासात आला समज!" विजयकुमारच्या तोंडून गोष्ट सेक्टर 10 पर्यंत पोचली, तोवर शुभमले पन्नास देशांचा व्हिसा भेटला होता! रविवारी इथल्या मराठी मंडळानं आमचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषणं! सिंधूच्या डोळ्याले धार लागली. "खुशीचे आसू हायेत," विजयकुमार माइकवरून म्हणाला.

शाल खांद्यावर असतानाच फोन वाजला.

"बाबा, ये क्या भेजा? यात लिहिलंय, शुभम हा छत्तीसगडचा कायम रहिवासी आहे!"

"मग? कायमचंच तर पाहिजे होतं ना?"

"जन्माचा दाखला मांगितला होता, बाबा! पन्नास भरले. आता सीधा अगले साल."

पोट्टा रडून राहिला होता. तीस वर्षांचा माणूस. तिथं त्याले दरसाल व्हिसा वाढवून घ्या लागते, दरसाल वाटते, औंदा जा म्हणतीन. आजारी पडला तर पाणी द्याले कोणी नाही. हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

घरी आल्यावर सिंधूनं विचारलं, "मुद्दाम केलं का जी?"

"तुझी शप्पथ, नाही!"

"कराले पाहिजे होतं," ती म्हणाली. मग लगेच पदर तोंडाले लावला. "नाही नाही, असं नको. लेकरू रडते."

दिवाळीनंतर शुभम स्वतःच आला. पंधरा दिवसांची सुट्टी, आणि काम एकच: जन्माचा दाखला. जुन्या नोंदीत त्याचं नावच नव्हतं, नुसतं 'मुलगा' लिहून होतं. म्हणजे रोज कचेरी! रोज मी संगं. सिंधू दोघांचा डबा बांधून दे. बाकावर खांद्याले खांदा लावून आम्ही बसलो. इतकं तो माझ्याशी उभ्या जन्मात बोलला नव्हता. एक दिवशी विचारलं, "इथंच काऊन नाही राहत रे?" तर म्हणे, "माझ्या लाइनचं काम कुठं आहे इथं, बाबा?" आणि जरा वेळानं माझ्याच खांद्यावर झोपला. मी दोन तास हाललो नाही. खांदा बधिर!

बाराव्या दिवशी बाबूनं हाक मारली, "हो गया दादा! कल आके ले जाना."

शुभमचा चेहरा खुलला. उड्या मारत स्कूटर आणाले पळाला.

तो दिसेनासा झाला तसा मी खिडकीत वाकलो. आणि चौतीस वर्षं ज्यानं प्रत्येक बाबूच्या मागं घाई लावली, त्या हिरालालनं हळूच सांगितलं,

"साहब, कोई जल्दी नहीं है. परसों भी चलेगा!"