न्जायचं कापड, जोपची कात्री

मागेत न्जाय या बाईच्या मुलीचं लग्न रविवारी होतं आणि मागेतने लग्नात घालायचा झगा अजून बिराम जोप या शिंप्याकडे होता. कापड निळं, घोटून घोटून चकाकी आणलेलं, तिच्या मुलाने बामाकोहून मुद्दाम पाठवलेलं. खरं तर बकरी ईदलाच, म्हणजे आमच्या तबास्कीलाच, ते तिच्या अंगावर यायचं. ईद झाली, बकरा पचला, झगा काही आला नाही. बिरामचं मशीन बिघडलं, मग वीज गेली, मग त्याची आत्या वारली. ही आत्या आमच्या डाकारच्या मेदिना वस्तीत दर सणाला वारते. आता म्हणे कापड रंगाऱ्याकडे अडकलं होतं आणि झगा उद्या मिळणार होता, इन्शाअल्ला.

अशा माणसावर कुणी माहितीपट काढावा? रोखया नावाच्या एका शिकलेल्या मुलीने काढला, आणि त्याला नाव दिलं ‘शब्दाचा पक्का’. डाकारच्या एका लघुमाहितीपट महोत्सवात तो दाखवणार म्हणून बिरामने अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. मागेतलाही दिलं, इतका निगरगट्ट. दुकानात तो सापडतच नव्हता. निदान पडद्यासमोर तरी गाठू, म्हणून मागेत गेली.

पडद्यावर बिराम चष्मा पुसत सांगत होता की गिऱ्हाईकाला दिलेला शब्द हेच त्याचं इमान. सांगता सांगता त्याची कात्री चालत होती आणि कात्रीखाली होतं निळं कापड. त्याच्या कोपऱ्यावर कॉफीचा डाग. तो डाग मागेतचाच. पार्सल उघडताना आनंदाच्या भरात तिने कप कलंडला होता. पुढच्या दृश्यात पुरुषी मापाचा झगा तयार, आणि तो घालून एक भारदस्त गृहस्थ आरशासमोर गिरकी घेत होते. तेच गृहस्थ तोच झगा घालून पहिल्या रांगेत बसले होते, प्रमुख पाहुणे म्हणून.

चर्चेसाठी दिवे लागताच मागेत ताडकन उभी राहिली.

“हा जोप चोर आहे. माझं कापड कापून ह्या साहेबांच्या अंगावर चढवलंय.”

सभागृह खो खो हसलं. मागेतचं आडनाव आडवं आलं होतं. जोप आणि न्जाय यांचं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकाने दुसऱ्याला चोर म्हणावं, हावरट म्हणावं, दुसऱ्याने हसून परतफेड करावी. जो रागावला तो हरला. हे सगळं ठीक आहे हो, पण खरोखर चोरी झाली तर न्जायने जावं कुणाकडे?

बिरामने संधी साधली. “बघा मंडळी, न्जाय बोलली. भाताचं पातेलं दिसेनासं झालं की हिला जिकडेतिकडे चोर दिसतात.”

टाळ्या पडल्या. मागेतचा आवाज चढला. लेकीचं लग्न आहे, कापड मुलाने पाठवलंय, तो डाग तरी बघा, असं ती परोपरीने सांगत होती, आणि लोक हसून हसून डोळे पुसत होते. प्रमुख पाहुण्यांनी तर झग्याचा घेर उचलून डाग शोधल्याचं सोंगही केलं.

एवढी रंगलेली चर्चा दुसऱ्या कुठल्याच माहितीपटावर झाली नव्हती म्हणून प्रेक्षकांचं बक्षीसही ‘शब्दाचा पक्का’लाच मिळालं. बक्षीस म्हणजे पितळेचं छोटं गोरखचिंचेचं झाड. रोखयाने ते कौतुकाने बिरामच्या हाती दिलं. दुकानाच्या काचेत ठेवीन, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल, असं तो बोलत होता, तेवढ्यात मागेत मंचावर चढली. आता ती ओरडत नव्हती. हसत होती. तिने ते झाड त्याच्या हातातून काढलं आणि काखेत मारलं.

“जोपच्या घरातलं सगळं मुळात न्जायचंच,” ती लोकांना म्हणाली. “हा नुसता राखणदार.”

लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. बिरामने हात पुढे केला, आजूबाजूला पाहिलं आणि मागे घेतला. त्याला हसावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिच्या दारात. “ताई, गंमत पुरे झाली. माझं झाड दे.”

“झालंच आहे रे, पुसायचं तेवढं राहिलंय. उद्या ये.”

उद्या तिच्याकडे वीज नव्हती. परवा तिची आत्या वारली.

शनिवारी बिराम आला तो स्वतःच्या पदरचं निळं कापड घेऊन शिवलेला झगा हातात धरूनच. जागरणाने त्याचे डोळे लाल झाले होते. मागेतने शिवण उलटीसुलटी करून पाहिली, झगा खांद्याला लावला. बामाकोच्या कापडाची सर त्याला नव्हती आणि त्याचं तिला वाईट वाटलंच, पण माप बिनचूक होतं. ती झगा घेऊन आत गेली आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली.

“आणि माझं झाड?” बिरामने विचारलं.

“उद्या,” मागेत म्हणाली. “इन्शाअल्ला.”

लग्नाचे तांदूळ निवडायला जमलेल्या बायका सगळं ऐकत होत्या. बिराम हसला. म्हणजे दात दिसले, एवढंच.