गुरुवारचा ताप

सूर्यकांत कारखानीसांना सणसणून ताप होता आणि तो ऑफिसात कोणाला कळता कामा नव्हता. दुबईतल्या मंदीची झळ फुजैराच्या बंदरापर्यंत पोचली होती. जहाजांना तेल पुरवणाऱ्या त्यांच्या कंपनीत दर गुरुवारी कोणीतरी खलास होत होतं. रजेवरच्या माणसाला आधी काढतात, कारण त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज होता. त्यामुळे ऑफिसात कोणी आजारीच पडत नसे. सगळे हजर राहून खोकत.

नोकरी गेली की व्हिसा जायचा आणि गाशा गुंडाळावा लागायचा. मुलीची, आभाची, दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. मार्च निघाल्यावर कंपनीने सूर्यकांतना समुद्रात ढकललं असतं तरी त्यांची ना नव्हती.

"अहो, अंग भाजतंय तुमचं," शोभनाताई म्हणाल्या.

"बाबा, यू शुड बी इन बेड," आभा म्हणाली.

"तुझे पेपर झाले की झोपतो."

गोळ्या गिळून ते ऑफिसात जात राहिले. गुरुवारी सकाळी छातीत दडपल्यासारखं झालं. त्यांनी खिशातला ओवा चावला आणि मीटिंगला जाऊन बसले. त्यांचा शर्ट घामाने भिजलेला पाहून मॅनेजर स्टॅनली बाप्टिस्टना राहवलं नाही. ते मूळचे वसईचे, सूर्यकांतचे जुने दोस्त.

"सूर्या, घाबरतोस काय? आज तुझा नंबर नाय."

"नक्की?" असं विचारून सूर्यकांत खुर्चीवरून खाली गेले. आनंदाने भोवळ आली असेल, असं समजून कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"फ्लू में दिल पर भी ज़ोर पड़ता है," हॉस्पिटलात डॉक्टर जहांआरा म्हणाल्या. "हार्ट अटॅक का रिस्क बढ़ता है. घर पे आराम करते तो शायद ये नौबत न आती."

"छुट्टी लेता तो नौकरी जाती, डॉक्टर."

"किसने कहा? सिक लीव्ह पे निकाल नहीं सकते. क़ानून है यहाँ का."

शोभनाताई इतका वेळ रडत होत्या, त्या थांबल्या. त्यांना नवऱ्याचा भयंकर राग आला. पण त्याच्या नाकात नळ्या होत्या, म्हणून तो त्यांनी गिळला.

दोन दिवसांनी बाप्टिस्ट भेटायला आले. त्यांनी मास्क काढला आणि खुर्ची उशीपाशी ओढली.

"येत्या गुरुवारी माझा नंबर आहे," ते म्हणाले. "आमची मरिसा पण दहावीलाच ना. सिक लीव्हवर काढता येत नाही, असं वहिनी सांगत होत्या. सूर्या, जरा खोक."

"वेडा आहेस का? ताप आलाय म्हणून सांग आणि घरी बस."

"खोटं कसं बोलू? रविवारी चर्चमध्ये कन्फेशनला जायचंय."

सूर्यकांतना खोकला आलाच होता. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवून तो दाबला. तेवढ्यात बाप्टिस्टच शिंकले. सूर्यकांतनी हात लांब करून त्यांच्या कपाळाला लावला. कपाळ चांगलंच तापलं होतं.

"हे तू मीटिंगमधूनच घेऊन गेलायस. आत्ता डॉक्टरला दाखव, रजा टाक आणि झोप. माझ्यासारखं करू नकोस."

"देव पावला," बाप्टिस्ट म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कपाळाला, मग छातीला हात लावून क्रूस काढायला घेतला, पण हात छातीवरच राहिला.

"सूर्या," ते म्हणाले, "तुझं सुरुवातीला नक्की कुठे दुखत होतं रे?"