चार आखूड शिट्ट्या

आगगाडीच्या गाण्यांत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असतं, तेव्हा मी मनातल्या मनात गाडीचं गाणं म्हणत असतो. निरोपाची, भेटीची, खिडकीतल्या मुलीची, चुकलेल्या गाडीची, अशी एकशे त्रेचाळीस गाणी माझ्या फोनमध्ये आहेत. तेव्हा सासऱ्यांना बोलतं करायचं काम माझ्याकडे आलं, यात नवल ते काय?

सासरे रेल्वेत गार्ड होते. अडतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून मागे पडणारं जग बघत आले. तीन आठवड्यांपूर्वी निवृत्त झाले, आमच्याकडे राहायला आले आणि गप्पच झाले. खिडकीशी बसायचे आणि उगाच घड्याळ बघायचे. अर्धं जेवण ताटात तसंच राहायचं. बायको रडकुंडीला आली होती.

"बाबा दिवसभरात तीन शब्द बोलतात," ती म्हणाली. "हो, नको आणि बरं."

"रविवारी दुपारी मैफल ठेवू. फक्त गाडीची गाणी. त्यांचे जुने दोस्त बोलावू."

"तू काही घोळ घालणार नाहीस ना?"

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी बोललो, त्या त्या वेळी कुणाला तरी निस्तरावं लागलंय. पण ते आठवतं कुणाला?

मी चार दिवस खपून यादी केली. गाण्यागाण्यांच्या मध्ये खऱ्या इंजिनाची शिट्टी टाकायची कल्पनाही माझीच. पहिल्या दोन गाण्यांनंतर ठेवली ती. आखूड शिट्टी एकदा वाजवून बघितली, तर फारच पोरकी वाटली. म्हणून चारदा जोडली. कुक कुक कुक कुक. झकास वाटलं.

रविवारी एक निवृत्त ड्रायव्हरकाका आणि एक निवृत्त गेटमनकाका आले. सासरे मधल्या खुर्चीत बसले. पहिल्या गाण्यात नायिका फलाटावरून गाडीबरोबर धावत रडते. ड्रायव्हरकाका डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. म्हटलं, रंगले.

"ताशी बावीस," गाणं संपल्यावर ते म्हणाले. "चाकांचे ठोके मोजले मी. एवढ्या हळू गाडीत तिला आरामात चढता आलं असतं. रडायचं काय कारण?"

दुसऱ्या गाण्यात नायक डब्याच्या दारात लटकून गातो. गेटमनकाकांना ते अजिबात पटलं नाही. सासरे मात्र खिडकीबाहेर बघत होते. सगळी भिस्त आता शिट्टीवर.

कुक कुक कुक कुक.

सासरे ताडकन उठले. तीन आठवडे भिंत धरून धरून चालणारा माणूस, त्यानं टेबलावरचं लाल कापड बशांखालून असं ओढलं की एकही बशी पडली नाही. आणि दाराबाहेर. गेटमनकाका त्यांच्या मागोमाग उतरले आणि त्यांनी इमारतीचं फाटक लावून टाकलं.

"हे काय चाललंय?" बायकोनं विचारलं. माझ्याकडे बघून.

"चार आखूड म्हणजे गाडी अडचणीत," ड्रायव्हरकाका शांतपणे म्हणाले. "गार्डानं लाल झेंडी घेऊन मागे जायचं आणि मागून येणारी गाडी थांबवायची."

मी फाटकावरून उडी मारून धावलो. सासरे कोपऱ्यावर रस्त्याच्या मधोमध उभे होते, दोन्ही हातांत लाल कापड ताणून. समोर दुधाची गाडी, एक टेम्पो आणि पाच स्कूटरी.

"काका, पुढे झालंय काय?" टेम्पोवाला विचारत होता.

"ते ड्रायव्हर सांगेल. मी मागचं बघतो."

"बाबा, ते गाणं होतं हो," मी हात जोडले.

"मला कळत नाही का?" सासरे म्हणाले. "पण शिट्टी ती शिट्टी. ड्रायव्हरनं परत बोलावल्याशिवाय गार्ड जागा सोडत नाही, जावईबापू. अडतीस वर्षांत सोडली नाही."

दुधाची गाडी धरून आता अकरा वाहनं. मी धापा टाकत घरी. परत बोलवायला एक लांब, सलग शिट्टी लागते, असं ड्रायव्हरकाकांनी सांगितलं. मी एकेक गाणं वाजवू लागलो आणि ते मान हलवू लागले. "ही तोकडी आहे. ही तर बोटीची आहे." ती बोटीची आहे हे मला ते गाणं नऊ वर्षं ऐकूनही कळलं नव्हतं!

शेवटी बायकोच म्हणाली, "अरे, तुझं ते रडायचं गाणं."

माझं सगळ्यात लाडकं गाणं मी यादीत घेतलंच नव्हतं, कारण ते लागलं की मला चारचौघांत रडू येतं. त्यात शेवटी गाडी निघून जाते आणि शिट्टी लांबत लांबत विरते. मी स्पीकर खिडकीत ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि गाण्याचा शेवट लावला.

कोपऱ्यावर सासऱ्यांनी कापडाची नीट घडी घातली. दुधाच्या गाडीला हातानं जायची खूण केली. जिना चढून आले तेव्हा गाल लाल झाले होते. मला रडू आवरत नव्हतं, आणि ते गाण्यामुळे की आणखी कशामुळे, हे सांगता येणार नाही.

"तीन बेचाळीस ते चार एक," ते घड्याळ बघून म्हणाले. "एकोणीस मिनिटं. अहवाल लिहावा लागेल. आणि मला भूक लागली आहे."

त्यांनी अहवाल लिहिला. कारणाच्या रकान्यात 'जावई' एवढंच लिहिलं. मग जे बोलायला लागले, ते आजतागायत थांबलेले नाहीत. सकाळी सहापासून सिग्नल, ब्रेक, घाटातली वळणं. परवा बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ऐक ना," ती कुजबुजली. "त्या चार शिट्ट्या एकदा लाव. तासभर तरी बाहेर जातील."

असं करणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण मी लावल्या. सासरे तत्काळ उठले, लाल कापड उचललं, दारात थांबले आणि दुसरं लाल फडकं माझ्या हातात दिलं.

"चला जावईबापू," ते म्हणाले. "आज तुम्हाला शिकवतो."