पगारे भाऊसाहेब आणि आमची पॅसेंजर

पगारे भाऊसाहेब एसटीत बसत नसत. लाल गाडी पुढ्यात येऊन उभी राहो, कंडक्टर स्वतः हाक मारो, डोक्यावर ऊन तापलेलं असो. "तुम्ही व्हा पुढे," म्हणायचे आणि अंग चोरून रस्त्याच्या कडेला सरकायचे. गाडी आपल्याला ओढूनच आत घेईल असं त्यांना वाटत असावं.

तशी भीती त्यांना सगळ्याचीच. स्टोव्हला पंप मारताना बायकोला म्हणायचे, "तू जरा लांब हो," आणि मग स्वतःच लांब व्हायचे. तार घेऊन पोस्टाचा माणूस शेजारच्या घरात शिरला तरी यांच्या तोंडचं पाणी पळायचं. "समजा, झालं तर?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. काय झालं तर, ते मात्र कधी सांगत नसत.

भाऊसाहेब आणि मी गोदाकाठच्या एकाच गावचे आणि नाशिकला पाटबंधारे खात्यात एकाच खोलीत कारकून. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे. गावाहून नाशिक रोडला एक छोटी पॅसेंजर जायची. मी बहुतेक पुढच्या डब्यात पत्ते कुटायचो; त्यांच्या डब्यात कधी डोकावलो तर तिथे भाऊसाहेब वेगळाच माणूस असत. भाजी आणि फुलं विकायला निघालेल्या बायकांच्या पाट्यांमध्ये ऐसपैस बसत, विनोद करत, चक्क मोठ्याने हसत. शेजारी कायम शेवंताबाई. ती मळ्यातली फुलं घेऊन बाजाराला जायची. तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलं तर त्याला उठवायची. "ही जागा माझी हाय," एवढंच. मला गंमत वाटायची.

ऐंशी सालाच्या आगेमागे स्टेशनवर नोटीस लागली. आमचा रेल्वेचा फाटा तोट्यात चालतो, तो बंद करण्याचा विचार आहे.

गाव पेटलं. बुद्धविहाराच्या अंगणात बैठका सुरू झाल्या. भाऊसाहेब प्रत्येक बैठकीला यायचे आणि पळायला सोपं म्हणून फाटकाजवळ बसायचे. एके दिवशी रुळांवर बसायचं ठरलं. पोलीस आले, काठ्या दिसल्या, निम्मे लोक मागे सरकले. आणि समोरून भाऊसाहेब आले. हातात छत्री, काखेत सतरंजी. "समजा, आत टाकलं तर?" असं मला म्हणाले आणि सरळ हवालदाराकडे गेले.

"आम्ही इथे बसलो तर चालेल का?"

"नाही चालणार," हवालदार म्हणाला.

"बरं," म्हणाले भाऊसाहेब आणि बसले.

मी शेजारी टेकलो. भर उन्हात त्यांचे दात वाजत होते. मी कुजबुजलो, "भाऊसाहेब, आपण सरकारी माणसं. नोकरी जाईल. घरी जा."

"जाईल ना," ते म्हणाले, पण उठले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते दुखेपर्यंत. एवढा भित्रा माणूस पोलिसांपुढून हलत नाही, म्हणजे याला याहून मोठी भीती कसली आहे?

ते पुढे कळलं. लोकांचं म्हणणं ऐकायला रेल्वेचे एक अधिकारी आले. स्टेशनबाहेर मंडप घातला होता. पुढारी कांद्यावर बोलले, भाजीवर बोलले, गावाच्या अस्मितेवर तर फारच बोलले. अधिकारी शांतपणे म्हणाले, "रस्ता चांगला आहे. एसटीच्या गाड्या वाढतील. मग अडचण काय?"

माझ्या शेजारी खुर्ची करकरली. भाऊसाहेब उभे होते. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"साहेब, मला फिट येते," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी हातातली फाइल मिटली.

"लहानपणापासून येते. ऑफिसात माहीत नाही. आता झालं माहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "एकदा विंचूरला जाताना एसटीत आली. लोकांना वाटलं, प्यायलाय. शुद्धीवर आलो तेव्हा रस्त्याच्या कडेला पडलो होतो. गाडी निघून गेली होती. माझ्या नाकाला चप्पल लावून कुणीतरी ती तिथेच टाकली होती. एकच. आपल्या गाडीत, साहेब, ही शेवंताबाई मला कुशीवर वळवते. डोक्याखाली पदर देते. स्टेशन आलं की उठवतात मला. कुणी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मी परत जातो." खाली बसता बसता म्हणाले, "मुलीचं लग्न व्हायचंय, म्हणून कुठे बोललो नव्हतो."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

गाडी बंद झालीच. काही महिने चालली, मग एका सोमवारी आलीच नाही. भाऊसाहेबांनी रजा टाकली. मी घरी गेलो तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "नोकरी सोडतो," म्हणाले. तेवढ्यात दारात शेवंताबाई, डोक्यावर पाटी.

"उठा भाऊसाहेब. फुलं सुकत्यात माझी."

"बाई, समजा..."

"झालं तर झालं. मी काय मेले का?"

आम्ही तिघं एसटीत चढलो. कंडक्टर पाटीवरून कुरकुरला. शेवंताबाई भरल्या गाडीत खणखणीत आवाजात म्हणाली, "पाटी ऱ्हाऊ दे. हे ऐक. या माणसाला फिट येती. आली तर घाबरायचं नाय, चप्पल लावायची नाय, आन् उतरवायचं तर बिलकूल नाय. आमचा माणूस हाय."

सगळी गाडी वळून बघू लागली. भाऊसाहेबांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला आणि डोळे मिटले. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. आता आजूबाजूचे लोक उठून लांब जाणार, याची ते वाट बघत होते. मीही बघत होतो.

पुढच्या बाकावरचा एक फेटेवाला उठला. मागे आला, भाऊसाहेबांच्या शेजारची उरलेली वीतभर जागा पाहिली आणि म्हणाला,

"सरका की पाव्हणं. पुढं लय ऊन लागतंय."

भाऊसाहेबांनी डोळे उघडले आणि सरकले.