थोरली, धाकटी आणि डोमाजीकाका

डोमाजीकाकांच्या दोन्ही रायफलींना चमेलीच्या तेलाचा वास येतो.

फौजेतल्या बंदुकीला कसला वास यावा, याबद्दल माझं काही ठाम मत नव्हतं. पण सहा वर्षांपूर्वी बदली होऊन पवनीकडच्या या गावात मास्तर म्हणून आलो, काकांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, आणि पहिल्याच रविवारी सकाळी भिंतीपलीकडून असा घमघमाट आला की मला वाटलं शेजारी लग्नघर आहे. डोकावून पाहिलं. अंगणात खाट, खाटेवर गोधडी, गोधडीवर दोन लांबलचक जुन्या रायफली शेजारीशेजारी निजवलेल्या. सत्तरी ओलांडलेला एक वाळका माणूस वाटीतलं तेल फडक्यावर घेऊन त्यांना चोळत होता. मधूनच तोच हात तो स्वतःच्या मिशीवरून फिरवी.

"या गुरुजी," तो म्हणाला. "भेऊ नका. न्हाऊन राहिल्या हायेत."

मग रीतसर ओळख करून देण्यात आली. काळपट, भारी, ती थोरली. दस्त्याला चीर गेलेली आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, ती धाकटी.

"थोरलीचा सोभाव शांत हाय. धाकटी जराशी चिडखोर."

"कशावरून? कधी उडाली का?"

"छे! माह्या जिंदगीत दोघीबी बोलल्या नाही."

बोलणार कशा? त्यांची काडतुसं काकांच्या आज्याच्या काळातच संपली होती, आणि त्या मापाची गोळी आता कुठे बनतच नाही. रायफली आणल्या काकांच्या पणज्याने. पणजा गोऱ्या साहेबाच्या फौजेत होता. हे सांगताना काकांची छाती दोन बोटं वर येते. फौजेत काय होता, हे मात्र तीनदा विचारल्यावर कळलं. लंगरात होता. स्वयंपाकी. त्याच्या हातच्या मटणाच्या रश्श्यावर साहेब खूश झाला, आणि पलटणीने जुन्या रायफली निकालात काढल्या तेव्हा त्यातल्या दोन त्याला परवान्यासकट मिळवून दिल्या. पुढच्या वेळी हीच गोष्ट ऐकली तेव्हा मटणाच्या जागी तलावातले झिंगे होते. त्याच्या पुढच्या वेळी वांग्याची भाजी. साहेब, रायफली आणि परवाना तेवढे कायम राहिले.

पणज्याकडून आज्याकडे, आज्याकडून बापाकडे आणि बापाकडून डोमाजीकडे अशा या रायफली आल्या. त्यांच्यासोबत एक शब्दही आला: "हुकुमदार!" पहाऱ्यावरचा शिपाई अंधारात चाहूल लागली की इंग्रजीत "कोण आहे" असं ओरडायचा, त्याचं आपल्या लोकांनी केलेलं हे रूप. काकांना ते ठाऊक नाही. त्यांच्या मते हुकुमदार म्हणजे ज्याला हुकूम आहे तो, म्हणजे स्वतः काका.

काकांच्या दाराची कडी वाजली की आतून आवाज येतो, "थम! हुकुमदार!" त्यावर बाहेरच्याने "दोस्त!" म्हणायचं. "मी आहे" किंवा "उघडा ना काकाजी" चालत नाही. गॅसचं सिलिंडर आणणारा खांद्यावर सिलिंडर घेऊन "दोस्त" म्हणतो. पोस्टमन म्हणतो. मी त्यांची भाजीची वाटी परत करायला जातो तेव्हा, चार वर्गांना मराठी शिकवणारा माणूस, भर दुपारी बंद दारापुढे उभा राहून "दोस्त" म्हणतो.

धान लोंबीवर आलं की रानडुकरं येतात. मग काका दिवस मावळता थोरलीला खांद्यावर घेऊन शेताच्या धुऱ्यावर उभे राहतात आणि डुकरांना हुकुमदार विचारतात. एकदा मी सोबत गेलो होतो. डुकरांनी माना वर केल्या, काकांकडे पाहिलं आणि शांतपणे पुन्हा खायला लागली.

"पाहा," काका म्हणाले, "दोस्त नाही मनून राहिले. बेइमान हायेत."

पण हे सगळं काहीच नाही. काकांचं खरं वेड म्हणजे निवडणूक.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. दुसरे परवानेवाले कुरकुरत. काका मात्र नोटीस हातात पडताच पोस्टमनला गूळ देत. रायफली एका जुन्या लुगड्यात गुंडाळत आणि सात किलोमीटरवरच्या ठाण्यात पोचत्या करून हसत परत येत. निवडणूक म्हणजे मास्तराच्या कपाळी ड्युटी. प्रशिक्षण, पेट्या, याद्या यात माझे पंधरा दिवस गावाबाहेर जात. मी वैतागलेला असे आणि काका दारात येऊन आशेने विचारत, "ड्युटीचा कागद आला काय जी?"

मुंबईत सरकार डळमळलं की काकांना भूक लागे. "पडते काय?" ते पेपर घेऊन येत.

"काकाजी, तुमचा पक्ष तरी कोणता?"

"कोनताबी राहू द्या ना. पडला पायजे."

सगळ्या निवडणुका पाच वर्षांतून एकदाच, एकसाथ घ्याव्यात अशी चर्चा निघाली तेव्हा त्यांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही. "एकसाथ घेतल्या तं कसं होईन, गुरुजी? पाच वर्सं मानसानं काय कराव?" मला त्यांचं लोकशाहीवरचं हे प्रेम इतकं भावलं, की सव्वीस जानेवारीच्या भाषणात मी पोरांपुढे त्यांचं उदाहरण दिलं.

यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि काकांना नोटीस आली नाही.

चार दिवस त्यांनी वाट पाहिली. पाचव्या दिवशी पोलीस पाटलाला गाठलं. पाटील म्हणाला, "नियम बदलला, काकाजी. आता सगळ्यांच्या बंदुका जमा नाही करत. ज्याच्यावर गुन्हे हायेत त्याच्याच करतेत. तुमी तं सज्जन मानूस."

काकांचा चेहरा शिवी खाल्ल्यासारखा झाला. ते तडक माझ्याकडे आले.

"गुरुजी, एक अर्ज लिहा. तुमच्या नावानं. डोमाजीनं मले गोळी घालतो मनलं, असा."

"पण तुम्ही तसं म्हणालाच नाहीत."

"आता मनतो. गुरुजी, मी तुमाले गोळी घालीन." मग माझा चेहरा पाहून, "राग आला काय जी? चहा मांडू?"

मी अर्ज लिहिला नाही. त्यांनी किराणावाल्याला धमकी दिली. तो म्हणाला, "घाला काकाजी, पन गोळी कोठून आनसान?" ते चौकात उभे राहून मिशीला पीळ देत आरडाओरडा करू लागले, तेव्हा हापशीवरच्या बायांनी डोक्यावरचे हंडे सावरत त्यांना वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं. अख्ख्या गावात त्यांना घाबरणारा एक माणूस मिळेना. शेवटी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. मिशीला तेलही नव्हतं. ते पाहून मी म्हटलं, चला, ठाण्यात जाऊन विचारू तरी.

मोटरसायकलवर मी पुढे, काका मागे, आणि त्यांच्या मांडीवर लुगड्यातल्या दोघी. ठाण्यात नव्या ठाणेदार बाई होत्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, "काका, तुम्हाला या जमा करायची गरज नाही."

"हाय जी. मी खतरनाक मानूस हाओ."

"कोण म्हणतं?"

"या गुरुजीले इचारा."

मी छताकडे पाहू लागलो. जुन्या जमादाराने तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं. बाई मात्र हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "काका, खरं सांगा. घरी काही भानगड आहे का?"

काका बराच वेळ लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिले. मग बोलले.

"माही पोरगी दिघोरीले देल्ली हाय. वनिता. नात दोन वर्साची होती तवा आल्ते सारे. नात खाली निजली होती. हे धाकटी खुटीवरून सटकली नं तिच्या उशाशी पडली. चार बोटाचं अंतर होतं जी. जमिनीले खड्डा पडला. जावयानं पोरीले उचललं नं निंगाले. मनला, हे जवरिक घरात हायेत तवरिक माही पोरगी या घरात पाय नाही ठेवनार. त्याचं काई चुकलं नाही. मी त्याच्या जागी असतो तं मीबी असाच गेलो असतो."

"मग देऊन का टाकत नाही?"

"बापानं मरतानी हातात देल्ल्या. त्याच्या बापानं त्याले देल्ल्या. मी आपल्या मनानं कशा काढू? पन इलेक्शनात सरकारच नेते. बापापुढं मनता येते, मी नाही काढल्या, सरकारनं नेल्या. आनि घर रिकामं असते मून पोरगी येते. नातीले घेऊन येते. निकाल लागला का जाते."

मी सहा वर्षं या माणसाचा शेजारी. वनिताला मी एकदाही पाहिलं नव्हतं. ती यायची तेव्हा मी कुठल्यातरी केंद्रावर पेट्यांना लाख लावत बसलेला असायचो.

ठाणेदार बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, निवडणूक नसली तरी परवानेवाला आपली बंदूक सुरक्षित ठेवायला ठाण्यात देऊ शकतो. साधा अर्ज लागतो. केव्हाही."

"केव्हाही?"

"केव्हाही."

"मंजे दिवारीले बी?"

"दिवाळीला पण."

"आंब्याच्या दिसात?"

"तेव्हाही. अन् न्यायची घाई नाही. महिने लागोत."

काकांचे ओठ हलत होते. मला वाटलं काही म्हणताहेत, पण ते बोटांवर दिवाळ्या मोजत होते. दुसऱ्या हातावर गेले आणि मध्येच थांबले.

"नात तेरा वर्साची झाली जी," ते जमादाराला म्हणाले. "मी कोनाले इचारलंच नाही."

जमादाराने कोरा कागद पुढे सरकवला. अर्ज मी लिहिला. काकांनी एकच विचारलं, "पावती सरकारी भेटन ना? शिक्का मारून?" बाईंनी शिक्का स्वतः मारला, दोनदा, ठसठशीत. काकांनी पावती वाचली, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि त्या खिशावर हात ठेवून हलकेच म्हणाले, "पाह्य बा, सरकारनं नेल्या."

बाहेर आलो. ठाण्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली त्यांनी मला फोन लावून द्यायला सांगितलं. फोन मी मोठ्या आवाजावर करून त्यांच्यापुढे धरला.

"वनिता, बाप बोलून राहिलो. नेऊन देल्ल्या."

"आली काय बाबा नोटीस? मी मनलं यंदा येतच नाही. मंग परवा निंगतो. पोरीले सुट्टीचा अर्ज द्याले सांगतो. निकाल कई हाय? मंजे वापसीचं पाहा लागन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. निकालाची तारीख मला पाठ होती. मी सांगितली नाही.

"या खेपी निकाल नाही लागत, बाई," काका म्हणाले. "तू ये."