नोकानचा गळा

टॉर्च मारून जयप्रकाशरावांनी बासरीत डोकावून पाहिलं आणि निदान केलं, "अगं, ही चोकअप आहे."

"हात लावू नका म्हटलं ना!" वैशालीताई आतून ओरडल्या. "सहाला कार्यक्रम आहे. तोवर बासऱ्यांची पेटी सांभाळा, एवढंच आशुतोष सांगून गेलाय."

आशुतोष खालच्या मजल्यावरचा, न्हावा शेवाच्या एका शिपिंग कंपनीतला. त्याचे जपानी साहेब तनाबेसान आज उलव्यातल्या या सोसायटीच्या वर्धापनदिनाला तीन आडव्या बासऱ्या वाजवणार होते. जत्रेतली शिनोबुए, दरबारातली र्‍युतेकी आणि 'नो' नावाच्या जुन्या नाटकातली नोकान. वैशालीताई सेक्रेटरी, म्हणून पेटी त्यांच्या घरी. आणि जयप्रकाशराव रिटायर्ड मेंटेनन्स इंजिनियर. बंद पडलेलं सोडाच, चालू असलेलंही ते उघडून बघत.

पहिल्या दोन बासऱ्यांतून उजेड आरपार दिसला. नोकानमध्ये मात्र काहीतरी अडकलं होतं. जयप्रकाशरावांनी विणकामाची सुई हलकेच सरकवली. टप्पकन एक तपकिरी गुंडाळी मांडीवर पडली.

"झाली मोकळी!"

वैशालीताईंनी मोबाइलवर शोधलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, इथे लिहिलंय, नोकानच्या आत मुद्दाम एक अरुंद नळी बसवतात. तिला गळा म्हणतात. तिच्याशिवाय ती नोकानच नाही. तुम्ही तिचा गळाच काढलात!"

 जयप्रकाशराव गुंडाळी परत घालायला गेले, तर ती उलगडली. दोऱ्याने बांधली, तर आत जाईना. तेवढ्यात बेल वाजली. आशुतोष पेटी घेऊन गेला, गुंडाळी जयप्रकाशरावांच्या मुठीतच राहिली.

क्लबहाउसमध्ये शिनोबुए झाली, र्‍युतेकी झाली. टाळ्या पडल्या. जयप्रकाशराव मात्र मूठ मिटून बसले होते. सत्तरीच्या तनाबेसाननी नोकान ओठांना लावली.

नोकानने असा काही गळा काढला की खिडकीतली कबुतरं उडाली आणि पुढच्या रांगेतलं एक पोरगं भोकाड पसरून रडू लागलं.

तनाबेसान थांबले. बासरीकडे बघतच राहिले. 

जयप्रकाशरावांना राहवेना. ते उठले, स्टेजपाशी गेले आणि मूठ उघडली. "सॉरी साहेब. मीच काढला. गळा."

तनाबेसाननी गुंडाळी निरखली. त्यांचे डोळे भरून आले. मग ते आशुतोषशी भरभर बोलू लागले.

"काका," आशुतोष म्हणाला, "हा गळा नाही. गळा आत जागेवरच आहे, तो असा निघत नाही. दमट हवा लागू नये म्हणून साहेबांनीच कधीतरी हा कागद घातला होता, आणि विसरले. दोन वर्षं आवाज दबकाच निघायचा, त्यांना वाटत होतं, वयामुळे आपला दम संपला. आज शेवटचं वाजवून ते बासरी ठेवून देणार होते. नोकानचा खरा आवाज हाच!"

जयप्रकाशरावांचा जीव भांड्यात पडला.

पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सव्वा तास चालला. बटाटेवडे गार झाले, पोरं पेंगुळली, अध्यक्षांनी तीनदा घड्याळ पाहिलं. तनाबेसानचा दम काही संपेना.

अखेर आशुतोषने माईक घेतला. लोक घाईघाईने उठू लागले.

"बसा, बसा! साहेब म्हणतायत, आता एक खास जयप्रकाशकाकांसाठी. चाळीस मिनिटांचं आहे."

सगळी सोसायटी वळून जयप्रकाशरावांकडे बघू लागली. त्यांनी जपानी पद्धतीने कमरेत वाकून आभार मानले आणि बराच वेळ मान वर केलीच नाही.